हद्दीतला हाथीराम

दिल्लीत यमुनेवरच्या एका पुलावर चार संशयित पकडले जातात. एका नावाजलेल्या वृत्तनिवेदकाचा खून करायला ते निघाले होते, असं पोलिसांचं म्हणणं. पूल ज्या ठाण्याच्या हद्दीत येतो ते आऊटर जमुना पार. तिथं बदली झाली म्हणून कुणी पेढे वाटत नाही. त्या ठाण्यात हाथीराम चौधरी नावाचा एक निरीक्षक आहे, आणि इतकी वर्षं नोकरी करून त्याच्या नावावर सांगण्याजोगं एकही प्रकरण नाही. गुन्हा त्याच्या टेबलावर येऊन पडतो तो हद्दीमुळे. त्याच्या हुशारीमुळे नव्हे. 'पाताल लोक' या मालिकेची सगळी गोष्ट या एका कारकुनी तपशिलातून उगवते, आणि लेखन किती पक्कं आहे ते तिथंच कळून येतं.

पहिलं पर्व 15 मे 2020 रोजी ॲमेझॉन प्राइमवर आलं, नऊ भागांचं. दुसरं 17 जानेवारी 2025 रोजी, आठ भागांचं. मालिकेचा कर्ता सुदीप शर्मा. पहिल्या पर्वाचं दिग्दर्शन अविनाश अरुण आणि प्रोसित रॉय यांचं, दुसऱ्याचं अविनाश अरुण यांचं. मराठी चित्रपटांतून आलेला हा माणूस कॅमेराही स्वतः जाणतो. हाथीराम झालेला जयदीप अहलावत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. पुढे कथेतले बरेच धागे उघडे होणार आहेत, शेवट तेवढा झाकून ठेवतो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी पावसाळ्यातल्या चार-पाच रात्री राखून आधी पाहावी. दोन पर्वांतली पाच वर्षं लेखकांनी वाया घालवली नाहीत, हे दुसरं पर्व बघताना जाणवत राहतं.

दोष असलेला तपास अधिकारी आता इतका बोकाळला आहे की त्याचा साचाच झाला आहे. दारूची बाटली, मोडलेला संसार, गेलेलं मूल, रात्री उशिरा एकट्याने ओढलेली सिगारेट. ही सगळी वरून चिकटवलेली रांगोळी असते. ओळखायची खूण सोपी आहे: दोष काढून टाका आणि प्रकरण त्याच वाटेने, त्याच वेगाने सुटतं का ते पाहा. सुटत असेल तर तो दोष शोभेचा. कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे तपासाचे टप्पे लिहावेत, म्हणजे पहिली अटक, पहिली कबुली, हाती लागलेली वस्तू, चुकलेला माग, निलंबन, नवा साक्षीदार. उजवीकडे, त्या प्रत्येक टप्प्याला हा माणूस असा आहे म्हणून काय घडलं, ते. उजवा रकाना जिथं रिकामा राहतो तिथं लेखक दमलेला असतो. हाथीरामचा उजवा रकाना जवळजवळ कुठेच रिकामा राहत नाही.

मारहाणीचं घेऊ. हाथीराम संशयितांवर हात टाकतो. एरवी पडद्यावर मारहाण हा जवळचा रस्ता असतो: दोन दणके, तिसऱ्याला नाव बाहेर. इथं तसं होत नाही, आणि त्यामागे कायद्याची भक्कम जमीन आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं 25वं कलम होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं 23वं. चालतो तो कबुलीतला तेवढाच तुकडा, ज्याच्यामुळे एखादी वस्तू सापडली. म्हणजे कोठडीत बडवून निघालेलं सत्य हातात येतं पण वापरता येत नाही. हाथीरामला ते कळायला वेळ लागतो. त्याचा खरा तपास सुरू होतो तो कोठडीतून बाहेर पडून त्या चौघांच्या गावी गेल्यावर. तो स्वतः चित्रकूटला जातो, त्याचा कनिष्ठ सहकारी अन्सारी पंजाबात. राग हा त्याचा दोष, आणि त्या रागाने त्याचे पहिले दिवस वाया घालवले. पहिल्या भागांची गती जरा जड वाटते असं म्हणणारे भेटतात. ती गती त्याच्या चुकीची आहे, आणि ती जशी आहे तशी ठेवली याबद्दल लेखकांचे आभारच मानायला हवेत.

दुसरी गोष्ट त्याच्या भुकेची. एकदा तरी लोकांनी म्हणावं की हे हाथीरामने केलं, एवढंच त्याला हवं आहे. न्यायाची चाड वगैरे पुढची बाब. प्रकरण काढून घेऊन केंद्रीय यंत्रणेकडे जातं, तो निलंबित होतो. शहाणा माणूस इथं घरी बसला असता. हा बसत नाही, कारण थांबला तर आयुष्यभर बापाने जे मानलं तेच खरं ठरणार. त्याच्या बापाने त्याला कधी किंमत दिली नाही. त्यामुळे निलंबनानंतरचा सगळा तपास, म्हणजे मालिकेतला सगळ्यात चांगला भाग, त्याच्या दोषावरच चालतो. हाथीराम निर्दोष, समाधानी, पोराबाळांत रमलेला अधिकारी असता तर गोष्ट मध्येच आटोपली असती.

आता बाप आणि मुलगा. या मालिकेचा खरा कणा इथं आहे. चार संशयितांचा भूतकाळ ती एकेक करून उलगडते. विशाल त्यागी, ज्याला हथौडा म्हणतात, त्याच्या घरी चुलत्याशी जमिनीचा वाद होता. त्यातून बहिणींवर अत्याचार झाला आणि शाळकरी विशालच्या हातात हातोडा आला. तोप सिंग खालची मानलेल्या जातीतला. वरच्या जातीच्या पोरांनी केलेल्या छळाला त्याने उत्तर दिलं आणि त्याची किंमत त्याच्या घरच्यांनी मोजली. चीनी ईशान्येकडची, लहानपणीच रस्त्यावर आलेली; ती भूमिका मणिपूरच्या मैरेम्बम रोनाल्डो सिंग या तृतीयपंथी कलाकाराने केली आहे, आणि त्या निवडीमुळे कोठडीतले प्रसंग अंगावर येतात. आणि कबीर. त्याच्या बापाने त्याला मुसलमान म्हणून वाढवलंच नाही, जीव वाचावा म्हणून. खिशात डॉक्टरचा दाखला दिला, सुंता वैद्यकीय कारणाने झाली आहे असं सांगणारा. पुढे तपास यंत्रणा त्याच मुलाला जिहादी ठरवते. ज्या मुलाला बापाने मुसलमानही होऊ दिलं नाही त्याचं तुम्ही हे काय केलंत, अशा अर्थाचं त्याचा बाप बोलतो तेव्हा आवाज चढत नाही. संवाद कसा लिहावा हे शिकायचं असेल तर तो प्रसंग तीनदा पाहावा: एकदा बापाकडे बघत, एकदा हाथीरामकडे आणि एकदा नुसता कानाने.

चारही कहाण्या लेकरांच्या आहेत. कुणाचं तरी बालपण कुणीतरी मोडलं. आणि हे सगळं खणून काढणाऱ्या माणसाच्या घरात त्याचा स्वतःचा मुलगा सिद्धार्थ आहे. ऐपतीबाहेरच्या शाळेत घातलेला, तिथं खाली मान घालून वावरणारा, गल्लीतल्या उनाड पोरांकडे ओढला जाणारा. हाथीराम त्याच्याशी बापासारखाच वागतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या बापासारखा. प्रेक्षकाच्या लक्षात येतं की संशयित चार असले तरी फायली पाच उघडल्या आहेत. पाचवी घरात आहे आणि ती अजून बंद करता येण्यासारखी आहे. घरातले प्रसंग तपासात खीळ घालतात असं एरवी अशा मालिकांत होतं. बायको फोन करते, जेवायला कधी येताय विचारते, प्रेक्षक चहा करायला उठतो. इथं घर हाच तपासाचा भाग आहे. विशाल त्यागीच्या शाळेतलं कळल्यावर सिद्धार्थकडे बघण्याची हाथीरामची नजर बदलते, आणि त्यासाठी एकही वाक्य खर्च होत नाही.

बायको रेणू. हाथीराम तिच्यावर हात उचलतो. ही गोष्ट मालिका झाकत नाही, आणि नायक आहे म्हणून पोटातही घालत नाही. ती त्याला उलट थोबाडीत देते. लेखक नायकाचा वकील झाला की कथा मेली. इथं लेखक त्याच्या बाजूने एकही युक्तिवाद करत नाहीत, फक्त त्याच्या शेजारी उभे राहतात.

आणि इमरान अन्सारी. वरच्या परीक्षेची तयारी करणारा, नेमका, अभ्यासू, हाथीरामपेक्षा सगळ्या बाबतींत उजवा असा कनिष्ठ. त्याच्या धर्मावरून ठाण्यात जे शेरे मारले जातात ते हाथीराम दरवेळी रोखतोच असं नाही. दुसऱ्या पर्वात अन्सारी आयपीएस होऊन एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, झालेला असतो, हाथीराम होता तिथंच, आणि नागालँडच्या प्रकरणात दोघे पुन्हा एकत्र येतात. जुना साहेब नव्या साहेबाच्या हाताखाली. या उलथापालथीत मत्सराचं एक सरधोपट प्रकरण सहज उभं करता आलं असतं. केलं नाही. हाथीरामला त्याचा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी त्याच्यासमोर कसं उभं राहावं हे कळत नाही. अहलावत हे सगळं खांद्यांतून दाखवतो. पुढे अन्सारीने आयुष्यभर त्याच्यापासून काय लपवलं होतं ते हाथीरामला कळतं, तेव्हा खरा प्रश्न हाच उरतो की आपण असे कसे होतो, की या माणसाला आपल्याला ते सांगता आलं नाही. पहिल्या पर्वात पेरलेल्या दोषाचं बिल पाच वर्षांनी येतं.

गोव्यात बसून ही मालिका पाहताना दोन गोष्टी सुचत राहतात. एक नाटकाची. इथला मराठी प्रेक्षक नाटकावर वाढलेला. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, कुठेही जा, देवळाच्या उत्सवाला नाटक लागतं, आणि ते करणारे दिवसा बँकेत, शाळेत, पंचायतीत असतात. दशावतारी काल्यात संकासूर आला की पोरं आधी घाबरतात आणि मग त्याच्याच मागे धावतात. वेद चोरणाऱ्याबद्दल आपल्याला ओढ वाटू शकते हे इथं लहानपणीच कळतं. त्यामुळे दोषांसकट नायक ही कल्पना आपल्याला बाहेरून शिकावी लागत नाही. मात्र स्पर्धेसाठी लिहिलेल्या रहस्यनाटकात तपास अधिकारी बहुधा फसतो, आणि त्याचं कारण रचनेत आहे. दोन अंक, एक नेपथ्य, आणि ते नेपथ्य म्हणजे जिथं खून झाला तो दिवाणखाना. अधिकारी तिथं पाहुणा म्हणून येतो. त्याचं घर नाही, त्याचं ठाणं नाही, त्याचा साहेब फक्त फोनवर. मग त्याचा दोष दाखवायला लेखकाकडे वस्तूच उरतात: ग्लास, गोळ्यांची बाटली, लायटर. यावर उपाय मोठा नाही. दिवाणखान्यातलं एक माणूस असं ठेवावं जे या अधिकाऱ्याला आधीपासून ओळखतं आणि त्याची लाज जाणतं. मोलकरीण, ड्रायव्हर, वर्गमित्र, कुणीही. तिथून त्याचा दोष तपासाच्या वाटेत येऊ लागतो.

कायद्याच्या काही चुका तर सहज टाळता येतात. अटकेनंतर 24 तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांची. आरोपपत्र 60 किंवा गंभीर गुन्ह्यात 90 दिवसांत गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हे आकडे म्हणजे लेखकाला फुकट मिळालेलं घड्याळ आहे, आणि आपले लेखक ते भिंतीवर टांगतच नाहीत. 1 जुलै 2024 पासून फौजदारी कामकाजाची नवी संहिता, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झाली, तिच्यात ते 15 दिवस पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येतात. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. म्हणजे गादीखाली सुरा सरकवून ठेवणारा जुना फौजदार आता तसाच लिहिता येणार नाही. चित्रीकरण कधी सुरू झालं आणि त्याआधीच्या दहा मिनिटांत खोलीत कोण होतं, हा नवा प्रसंग झाला. आणि एक चूक तर सर्रास दिसते: साक्षीदार ठाण्यात जबाब देतो आणि खाली सही करतो. तपासातल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कायद्यानेच मनाई आहे. सही असते ती फिर्यादीवर, आणि ती फिर्याद देणाऱ्याला आधी वाचून दाखवावी लागते.

दुसरी गोष्ट जमिनीची. विशाल त्यागीचा हातोडा जमिनीच्या वादातून आला, आणि गोव्यातल्या गुन्ह्याची खरी मातीही तीच आहे. पडद्यावरच्या गोव्यात मात्र अजून किनारा, रात्रीची पार्टी, पुड्या आणि परदेशी बाई एवढंच घडतं. इथं 2022 साली राज्य सरकारला जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. मालक परदेशात किंवा वारलेले, वारस विखुरलेले, घर बंद, आणि एक दिवस कुणीतरी जुनं विक्रीखत घेऊन उभं. यात पाठलाग नाही, गोळीबार नाही. आहेत ते कागद. पण कागदांत केवढं नाट्य आहे! 1950 सालचं म्हणून दाखवलेल्या खतात सर्वे नंबर लिहिलेला असेल तर ते खत तिथंच उघडं पडतं, कारण आज एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर दिसणारे सर्वे नंबर मुक्तीनंतरच्या मोजणीतले, 1970 च्या दशकातले. 1870 पासून इथं लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि घर-जमीन विकायला दोघांची संमती लागते. खतावर एकट्या नवऱ्याचीच सही असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे. जमीन कसणारं कुळ, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार आणि जमीनमालक भाटकार ही नाती त्यात मिसळली की संशयितांची यादी घराघरातून तयार होते.

आता अशा प्रकरणाला हाथीरामसारखा माणूस हवा. डिचोलीकडचा एक उपनिरीक्षक समजा, म्हापशाला बदलून आलेला. शिक्षण मराठीत, पुढे कॉलेज. त्याला दारू देऊ नये, गेलेलं मूलही देऊ नये. त्याचा दोष एवढाच: आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे चारचौघांत कबूल करणं त्याला मरणासारखं वाटतं. जुनं खत पोर्तुगीजमध्ये आहे. पणजीला पुराभिलेख खात्यात जाऊन विचारलं तर वाचून सांगणारं माणूस मिळेल, पण विचारावं लागेल. तो विचारत नाही. फाईलबरोबर इंग्रजी भाषांतर जोडलेलं आहेच, त्यावर शिक्का आहे, तो तेच वाचतो. भाषांतर कुणी करून घेतलं हे बघायचं त्याच्या ध्यानात येत नाही, कारण बघायचं तर मूळ उघडावं लागेल. आता दोन रकाने आखून पाहा. डावीकडे खत खरं मानलं गेलं, उजवीकडे त्याची लाज. डावीकडे म्हाताऱ्या मुंडकारणीला घर सोडायची नोटीस, उजवीकडे तीच लाज. डावीकडे चौकीदाराचा मृत्यू, आणि उजवीकडे अजून तीच, आता मोठी झालेली. तिसऱ्या भागाच्या शेवटी त्याला कळावं की खतात सर्वे नंबर आहे, आणि आकडे वाचायला पोर्तुगीज यावी लागत नाही. आकडे पहिल्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांसमोर होते.

भाषेचा हा पेच इथं ठाण्याच्या दारातच उभा असतो. हाथीराम हरियाणवी वळणाचं बोलतो, आणि इंग्रजी बोलणाऱ्या वृत्तनिवेदकापुढे त्याची जीभ आवळते. मालिकेने हा फरक फार बारकाईने वापरला आहे. गोव्यात तर एकाच फिर्यादीत तीन भाषा येतात. ती म्हातारी मुंडकारीण आपलं गाऱ्हाणं कोकणीत सांगणार. तो उपनिरीक्षक ते इंग्रजीत उतरवणार, कारण पोलिसांचं दप्तर बहुतेक इंग्रजीत. 'भाटकारान म्हाका हांगा रावपाक सांगलें' (भाटकाराने मला इथं राहायला सांगितलं) या वाक्याचं इंग्रजी करताना राहायला परवानगी दिली असं लिहावं की ठेवून घेतलं असं, यावर तिचा मुंडकाराचा हक्क टिकणार की जाणार ते ठरू शकतं. घड्याळात रात्रीचे दहा. तो लिहितो, मग नियमाप्रमाणे तिला कोकणीत वाचून दाखवतो, आणि तो एक शब्द आला की किंचित थांबतो. तिच्या ते लक्षात येत नाही. ती देवनागरीत, एकेक अक्षर सुटं काढत, पूर्ण नाव लिहिते. कॅमेऱ्याने त्या वेळी तिच्या हाताकडे पाहावं, आणि मग त्याने फाईलवर आडवा ठेवलेल्या त्याच्या तळव्याकडे.